सुई, सोंड आणि शांत झोप

आमच्या घरात गेली आठ वर्षं एक सोंड आहे. हे नाव नातीनं दिलं. रात्री आजोबांच्या नाकावर मुखवटा, त्याला जोडलेली लांब नळी आणि उशाशी हळू आवाजात हवा सोडणारं यंत्र असं दृश्य तिनं पहिल्यांदा पाहिलं आणि टाळ्या वाजवत म्हणाली, "आबा गणपतीबाप्पा झाले!" सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत.

यंत्राचं खरं नाव सी-पॅप. ते घरात आलं, कारण ह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, असल्याचं निदान झालं होतं. पहिल्या महिन्यातच ह्यांनी मुखवट्याविरुद्ध बंड पुकारलं. नाक कोरडं पडतं, पट्ट्या टोचतात, कूस बदलता येत नाही. त्यातच मंडळाच्या कोजागिरीला एका मित्रानं सांगितलं, "अरे, अ‍ॅक्युपंक्चर करून बघ. माझ्या मेव्हण्याचं घोरणं सुयांनी थांबलं." झालं! पुढच्या आठवड्यापासून हे सुया टोचून घ्यायला जाऊ लागले आणि सहा आठवड्यांनी सोंड कपाटात गेली.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून नोकरी केली. त्यामुळे घरात नवीन काही आलं की त्याच्याबद्दलची पुस्तकं काढून बसायची सवय. ह्या वेळी मी दोन गोष्टींचा इतिहास वाचायला घेतला, ह्यांच्या आजाराचा आणि त्या सुईचा. वाचताना लक्षात आलं की सुई दोन हजार वर्षांची आहे आणि आजाराच्या नावाला जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत. आणि मजा म्हणजे त्या सुईच्या वाटेवर मला माझं सोलापूरही भेटलं. तीच हकिगत आज तुमच्यापुढे मांडते.

घोरणं सगळ्यांनी ऐकलं, पण...

झोपाळू माणसाला आपण कुंभकर्ण म्हणतो आणि पुढे जातो. घोरण्याकडे आजार म्हणून बघावं असं फारसं कुणाला वाटलं नाही. ह्याला एक जुना आणि सुरेख अपवाद चीनमध्ये सापडतो. स्वी राजवटीतल्या चाओ युआनफांग ह्या वैद्याच्या नावावर इसवी सन ६१० चा एक ग्रंथ आहे. रोगांची कारणं आणि लक्षणं त्यात क्रमवार दिली आहेत, आणि त्यात घोरण्यावर वेगळी नोंद आहे. गळा ही हवेच्या येण्याजाण्याची वाट, ती मोकळी असेल तर झोपेत आवाज होत नाही, आणि स्थूल माणसाचा गळा आतून दाटल्यामुळे आवाज होतो, असा त्या नोंदीचा आशय. आजचा नाक-कान-घशाचा डॉक्टर ह्याहून फार वेगळं सांगणार नाही.

पण चाओ वैद्यांनीही नोंद केली ती आवाजाची. ह्या आजारात खरा धोका असतो तो आवाज बंद पडतो तेव्हा. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक 'अ‍ॅप्निया'. वाट पूर्ण बंद न होता अर्धवट मिटते तेव्हाही मोजतात. दोन्ही मिळून तासाला पाचपेक्षा कमी असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सकाळी त्या माणसाला ह्यातलं काहीच आठवत नाही. शेजारी झोपलेल्याला मात्र सगळं माहीत असतं!

युरोपात ह्या रोग्याचं पहिलं गाजलेलं चित्र डॉक्टरानं नाही, कादंबरीकारानं काढलं. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये महिन्यामहिन्यानं प्रसिद्ध झाली. तिच्यात जो नावाचा लठ्ठ नोकर पोरगा आहे. तो काम करताकरता झोपतो आणि घोरतो. वाचक हसले आणि पुढे शंभर वर्षं हसतच राहिले.

१९५६ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्या पोराची आठवण म्हणून आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. त्यांचा रोगी ५१ वर्षांचा एक उद्योजक होता, वजन अडीचशे पौंडांच्या वर. दिवसाढवळ्या डुलक्या लागायच्या, तरी त्यानं मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. असा डाव हाती असताना गृहस्थ झोपी गेले आणि डाव हातचा गेला. तेव्हा कुठे ते रुग्णालयात दाखल झाले! आहारानं वजन उतरलं आणि दिवसाची झोपही उतरली. पण ह्या डॉक्टरांनीही रोग्याला रात्रभर तपासलं नव्हतं. वजनामुळे श्वास कमी पडतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून गुंगी येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गळा बंद होतो हे कळायला १९६५ साल उजाडलं. फ्रान्समधल्या मार्सेय आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा रोग्यांच्या झोपेची नोंद केली. मेंदूच्या लहरी आणि श्वास एकाच वेळी कागदावर उतरले आणि चाओ वैद्यांनंतर साडेतेराशे वर्षांनी ती मधली शांतता पहिल्यांदा मोजली गेली. पुढे फ्रान्सहून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला आलेले डॉ. क्रिस्तियान गीयमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा नाही, हेही त्यांनी दाखवलं.

सुईचा प्रवास

आता सुईकडे वळू. चीनमध्ये मावांगद्वी इथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं एक थडगं १९७३ मध्ये उघडलं. त्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकाची पुस्तकं मिळाली. शरीरातल्या वाहिन्यांचं आणि औषधी पाल्याच्या डागण्यांचं वर्णन त्यांत आहे, पण सुयांचा उल्लेख नाही. 'पीत सम्राटाचा अंतर्ग्रंथ' म्हणून ओळखला जाणारा संग्रह साधारण त्यानंतरच्या शतकात आकाराला आला, त्यात मात्र सुया आहेत. म्हणजे सुईनं उपचार करण्याचं शास्त्र सुमारे दोन हजार वर्षांमागे मांडलं गेलं, असं म्हणता येतं. अकराव्या शतकात, १०२७ च्या सुमारास, सोंग दरबारातल्या वांग वेईयी ह्यांनी माणसाच्या आकाराचे दोन ब्राँझचे पुतळे ओतवून घेतले. सुई टोचायच्या प्रत्येक जागी त्यांना बारीक भोक होतं. परीक्षेच्या वेळी बाहेरून मेण लावून भोकं बुजवायची आणि आत पाणी भरायचं. विद्यार्थ्यानं बरोबर जागी सुई टोचली तर पाणी यायचं!

पण ही परंपरा अखंड मानानं चालत आली, असं समजू नका. १८२२ मध्ये चीनच्याच सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुईला हद्दपार केलं. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे देशी वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. वैद्य रस्त्यावर उतरले म्हणून तो बारगळला. त्याच काळात चेंग दानआन ह्या वैद्यानं आधुनिक शरीरशास्त्राच्या आधारे सुईच्या जागा पुन्हा आखल्या आणि बारीक धातूच्या सुया रूढ केल्या. आज आपल्याला जे अ‍ॅक्युपंक्चर दिसतं, ते बरंचसं विसाव्या शतकात असं नव्यानं घडलेलं आहे.

पश्चिमेला सुई माहीत झाली ती जपानमार्गे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विलेम टेन राइने नागासाकीत राहून आले आणि त्यांनी १६८३ मध्ये लंडनला लॅटिनमध्ये पुस्तक छापलं. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे सुई आणि 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणं, त्यावरून 'अ‍ॅक्युपंक्चर'. विल्यम ऑस्लर ह्यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध वैद्यकीय पाठ्यपुस्तकातही कंबरदुखीवर सुया टोचायला सांगितलं आहे. त्यासाठी बायकांच्या टोपीच्या सुया निर्जंतुक करून वापरल्या तरी चालतील, असंही ते सांगतात.

मध्येच सोलापूर

सोलापूर माझं माहेर. लहानपणी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आम्ही शाळेत ऐकली ती कीर्तनासारखी, पुन्हा पुन्हा. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीननं मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. बिजॉय कुमार बसू. पाचपैकी दोघं आपले मराठी. चीनमध्ये पाचही जणांच्या चिनी नावाला शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं गेलं. कोटणीस तिथे 'के दिहुआ' झाले. ते परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. मागे पत्नी गुओ छिंगलान आणि साडेतीन महिन्यांचं बाळ. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आमच्या वडिलांनी किती वेळा पाहिला असेल, त्याची गणती नाही.

कोटणीस शल्यचिकित्सक होते, त्यांच्या हातात चाकू होता, सुई नव्हे. पण त्यांच्या पथकातले बसू १९४३ मध्ये परत आले आणि पंधरा वर्षांनी, १९५८ मध्ये, पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले. १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात ते सुरू केलं, शिष्य तयार केले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजलं ते मुख्यतः बसूंमुळे, आणि ते पसरवण्याचं बरंच काम कोटणीसांच्या नावानं चाललेल्या स्मारक समितीनं केलं. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये त्यासाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्रानंही केला. सोलापूरच्या मुलाचं नाव असं सुईला चिकटलं, हे मला ह्या वयात कळलं!

बसूंना सुईचं काय भावलं असेल, ह्याचं उत्तर त्या काळात आहे. युद्धात चारी बाजूंनी वेढलेल्या यानआनमध्ये औषधांचा दुष्काळ होता. सुईला औषध लागत नाही, वीज लागत नाही. म्हणूनच चीनच्या नव्या राज्यकर्त्यांनी पुढे तिला उचलून धरलं आणि खेड्यापाड्यांतल्या 'अनवाणी डॉक्टरां'च्या पिशवीत ती दिली. डॉक्टरच नाही तिथे सुई मोठाच आधार होती. पण हाताशी काहीच नव्हतं म्हणून जी घेतली, ती हाताशी असलेल्या उपचारापेक्षा सरस ठरते का, हा प्रश्न वेगळा. तो आमच्या घरातही होता.

अमेरिकेत आगमन

अमेरिकेत सुईची लाट आली ती एका अपेंडिक्समुळे. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये होते. किसिंजर गुपचूप येऊन गेले आणि निक्सन चीनला येणार, ही बातमी त्यांना तिथे सांगण्यात आली. एवढी मोठी बातमी आपल्या हातून निसटली हे कळलं त्याच क्षणी पोटात पहिली कळ आली, असं त्यांनी गमतीनं लिहिलं आहे. अपेंडिक्स काढावं लागलं. २६ जुलैला त्यांचा लेख पहिल्या पानावर छापून आला. 'रेस्टन ह्यांचं ऑपरेशन सुया टोचून, भूल न देता झालं' असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनांनी झालं. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा, कोपराला आणि गुडघ्यांखाली. त्यांना आराम पडला. त्यांनी लिहिलं होतं तेवढंच, बाकीचं लोकांनी जोडलं.

पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले. १९७३ मध्ये नेवाडा राज्यानं अ‍ॅक्युपंक्चरला कायदेशीर केलं. १९९७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी ऑपरेशननंतरची मळमळ आणि दात काढल्यानंतरची वेदना ह्यांवर सुईचा उपयोग होतो, असा निर्वाळा दिला. २०२० पासून मेडिकेअर जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतं. लक्षात घ्या, ही सगळी दुखण्याची आणि मळमळीची यादी आहे. श्वास अडकणं त्यात नाही.

सुई आणि आजार समोरासमोर

अ‍ॅप्नियावर पहिला खात्रीचा उपाय भयंकर होता. १९६९ पासून जर्मनीत अशा रोग्यांच्या गळ्याला कंठाखाली भोक पाडू लागले. दिवसा भोक झाकायचं, रात्री उघडायचं. अडथळ्याच्या खालूनच हवा आत जायची, त्यामुळे रोगी बरे व्हायचे. पण गळ्यात भोक घेऊन जगायचं!

ह्यातून सुटका केली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन ह्यांनी. गळा आतून मिटतो, तर नाकातून हवेचा हलका दाब देऊन तो उघडा ठेवता येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीचा हवा सोडण्यासाठी उपयोग केला आणि मुखवटा रोग्याच्या नाकावर चक्क चिकटवला. पाच रोग्यांवरचे निकाल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. आमच्या सोंडेचा हा मूळपुरुष. हे वाचून मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला निदान पट्टे आहेत, त्यांना डिंक होता!"

मग सुईचं काय? २००७ मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलोच्या संशोधकांनी मध्यम तीव्रतेच्या ३६ रोग्यांवर चाचणी केली. काहींना ठरलेल्या जागी सुया, काहींना भलत्याच जागी, काहींना काहीच नाही. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. खऱ्या सुया टोचलेल्यांचे अडकलेले श्वास कमी झाले. कल्पना अगदीच हवेतली नाही. अशा उपचारांत सांगितली जाणारी एक जागा हनुवटीखाली, कंठमण्याच्या जरा वर आहे आणि जिभेचे स्नायू तिथून जवळच असतात. जिभेच्या नसेला विजेचे हलके झटके देऊन ती पुढे ओढणारं, छातीत बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झालं. म्हणजे जिभेला जागं ठेवलं तर गळा उघडा राहतो, हे खरंच आहे.

पण छत्तीस माणसं म्हणजे सुरुवात. त्यानंतर, विशेषतः चीनमध्ये, पुष्कळ चाचण्या झाल्या. त्या एकत्र तपासणाऱ्यांना आशा दिसली, पण बऱ्याच चाचण्या लहान आणि कच्च्या बांधणीच्या निघाल्या. यंत्राची जागा सुई घेऊ शकते, असं त्यांवरून म्हणता येत नाही. वजन कमी करणं, जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी, काहींना शस्त्रक्रिया, आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल रोग्यांसाठी इथे मान्य झालेलं टिरझेपटाइड हे इंजेक्शन असे मार्ग आहेत. मुखवटा सोसत नसेल तर डॉक्टरांशी ह्यांबद्दल बोलता येतं.

कपाटातून पुन्हा उशाशी

आता आमच्या घरची उरलेली गोष्ट. सुया सुरू झाल्यावर ह्यांना खरोखर बरं वाटत होतं. ताजंतवानं वाटायचं, चिडचिड कमी झाली. घोरणंही मला हलकं वाटलं. मीही सोंडेला विसरले. मग एका रविवारी लेकीकडून परतताना, दुपारी तीन वाजता, हमरस्त्यावर गाडीची चाकं कडेच्या खडबडीत पट्टीवर गेली आणि धडधड आवाज झाला. मी ओरडले. ह्यांनी गाडी सावरली. "डोळा लागला वाटतं," एवढंच म्हणाले. पुढचा तासभर गाडी मी चालवली आणि आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

त्या आठवड्यात मी ह्यांच्याबरोबर सुईवाल्या बाईंकडे गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. बाई चिनी, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि ह्यांना विचारलं, "यंत्र बंद केलंत हे मला का नाही सांगितलंत? पुन्हा झोपेची तपासणी केलीत का?" केली नव्हती. बरं वाटतंय म्हणजे बरे झालो, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. तपासणी झाली. आकडा मध्यमच्या वरच्या टोकाला, जिथे होता जवळजवळ तिथेच. घोरण्याचा आवाज तेवढा कमी झाला होता.

सोंड परत आली. मुखवटा बदलून लहान घेतला, यंत्राला पाण्याची डबी जोडली आणि ह्यांची निम्मी तक्रार मिटली. गुडघ्यासाठी हे अजूनही सुया टोचून घेतात आणि गुण येतो म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरला गेलो होतो. दुपारी कोटणीसांच्या घरी, आता तिथे स्मारक आहे, जाऊन आलो. रात्री शेजारच्या खोलीतून दादाच्या घोरण्याचा आवाज येत होता. वहिनी म्हणाल्या, "घोरतायत म्हणजे गाढ झोपलेत हो." पूर्वी मीही हेच म्हणाले असते. त्या रात्री मी अंथरुणावर पडून घोरणं थांबलं की आकडे मोजत राहिले. एकदा अठरा झाले, एकदा सव्वीस. दादा काही लठ्ठ नाही. पण मुंबईच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा आजार आढळला होता. आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसांनाही तो होतो.

सकाळी चहा घेताना मी दादाला म्हटलं, "दिवसा डुलक्या लागतात का रे?" तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. महिन्याभरात दादानं पुण्याला जाऊन तपासणी करून घेतली. आता सोलापूरच्या घरातही एक सोंड आहे. आणि वहिनींचा फोन आला होता, पहिले चार दिवस घर इतकं शांत झालं की त्यांनाच झोप लागेना!